'तोच हा' असं केव्हा म्हणावं? बोटीवर गेलेल्या पूर्वजाचा शोध



आजचा विषय काहींना विचित्र वाटला असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस बोटीवरच्या खलाशांबद्दल काय बोलणार? कारण सांगतो. मी निवृत्त झाल्यावर कोकणातली दोन-चार कुटुंबं आपल्या पूर्वजांचे कागद घेऊन माझ्याकडे आली. कुणाचे पणजोबा बोटीवर होते, कुणाचे चुलत आजोबा. मी इतिहास-संशोधक नव्हे. पण ते कागद बघताना लक्षात आलं की यांच्यापुढचा प्रश्न मुळात आमच्याच शाखेतला आहे. पहिला प्रश्न असा: कागदावर जे नाव दिसतंय, तो आमचाच माणूस, हे कशावरून? आणि दुसरा: कागदात तो सापडला नाही, म्हणजे तो तिथे नव्हताच असं समजायचं का? या दोन्ही प्रश्नांचा आपल्या दर्शनकारांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वीच कीस काढलेला आहे. तेव्हा आज आपण त्यांना बरोबर घेऊन दफ्तरखान्यात जाऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. वाफेच्या बोटी वाढल्या आणि मुंबई हे खलाशांच्या भरतीचं मोठं बंदर बनलं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या लोकांना सरकारी कागदांत 'लस्कर' म्हणत. फारसीतल्या 'लश्कर'वरून आलेला हा शब्द. लढाईशी त्याचा संबंध राहिला नव्हता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लोक होते. म्हणजे साधारण दर सहा माणसांत एक. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका असे.

कामाची विभागणीही ठरलेली होती. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकची माणसं बहुधा रत्नागिरी, कच्छ, काठेवाडकडची; इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडची; स्वयंपाकघर आणि सलूनमध्ये गोवेकर. याला अपवाद असत, पण कागद वाचताना हा ढोबळ नकाशा डोक्यात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

भरती कशी व्हायची? कंपनी एकेका माणसाला शोधत नसे. ती सारंगाला गाठी, आणि सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जमातीची माणसं घेऊन येई. त्यामुळे एकाच बोटीवर एकाच खाडीकाठची दहा-वीस माणसं सापडतात. शोध घेणाऱ्याला यातून मदतही होते आणि त्याचा घोटाळाही याच्यामुळेच होतो. तो कसा, ते सांगतो.

आता कागदांकडे येऊ. मुख्य कागद म्हणजे बोटीचा करारनामा आणि त्याबरोबरची नोकरवर्गाची यादी. बोट निघताना प्रत्येक माणसाचं नाव, वय, जन्मस्थान, आधीची बोट, हुद्दा, पगार, कुठे चढला, कुठे उतरला, हे त्यात लिहायचं, असा कायदा होता. लस्करांचा करार बहुतेक वेळा वेगळ्या कागदावर असे. हा कागद कुणासाठी बनला, हे विसरू नका. तुमच्या पणजोबांची आठवण राहावी म्हणून कुणी तो लिहिला नाही. पगार किती द्यायचा, माणूस पळाला तर जबाबदार कोण, मेला तर हिशेब कसा चुकता करायचा, यासाठी तो लिहिला. म्हणून त्याला पगाराचा आकडा नीट माहीत असतो, नाव अर्धवट, आणि बायका-मुलं बहुधा नाहीतच.

इथे पहिला तात्त्विक प्रश्न येतो. अशा कागदात नाव सापडलं नाही तर काय?

मीमांसकांमधल्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. अनुपलब्धि म्हणजे न आढळणं. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून 'इथे घडा नाही' असं ज्ञान होतं. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती अट फार मोलाची आहे. न आढळणं 'योग्य' असलं पाहिजे. म्हणजे घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रकाश असेल, डोळे शाबूत असतील, तुम्ही योग्य जागी पाहत असाल, तरच 'दिसला नाही' याला अर्थ.

ही अट दफ्तरांना लावून बघा. लोक येऊन म्हणतात, "सर, लंडनला विचारलं. नाव नाही म्हणाले." मी विचारतो, लंडनला म्हणजे कुठे? कारण हे करारनामे एका जागी नाहीतच. १८६१ ते १९३८ या काळातल्या कागदांपैकी दर वर्षीचे फक्त १० टक्के, नमुन्यादाखल, लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवले आहेत. १८६५, १८७५, १८८५ अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांचे उरलेले कागद ग्रिनिच इथल्या सागरी संग्रहालयात. आणि सगळ्यांत मोठा वाटा, १८६३ ते १९३८ मधले सुमारे ७० टक्के, कुठे असावा? कॅनडात, न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स इथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात. एवढे कागद ठेवायला इंग्लंडमध्ये जागा नव्हती, ते नष्ट व्हायच्या बेतात होते, आणि या विद्यापीठाने ते नेले. तेव्हा समजा तुमचे पणजोबा १९०८ साली बोटीवर होते आणि तुम्ही फक्त क्यूला विचारलंत, तर दहा खोल्यांपैकी एकीतच दिवा लावलात. ही योग्य अनुपलब्धि नव्हे.

दुसरा काळोख सूचीचा. खलाशांची नावानिशी मध्यवर्ती नोंद ब्रिटनने १८५७ मध्ये बंद केली, ती १९१३ मध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या ५६ वर्षांसाठी नावांची मध्यवर्ती सूचीच नाही. गोऱ्यांची नाही, काळ्यांचीही नाही. आणि १९१३ ते १९१७ची नवी कार्डं पुढे नष्ट करण्यात आली. म्हणजे या काळात माणसाच्या नावाने शोधणं जवळपास निरर्थक आहे.

मग शोधायचं कशाने? बोटीने. १८५५ पासून प्रत्येक नोंदणीकृत ब्रिटिश जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळे. जहाज विकलं, नाव बदललं, मालक बदलला, तरी क्रमांक तोच. आणि करारनामे या क्रमांकाप्रमाणे लावलेले आहेत. बोटीचं नाव कळलं की क्रमांक काढायचा. त्या काळच्या छापील जहाज-याद्या आता इंटरनेटवर फुकट बघता येतात. क्रमांक आणि वर्ष कळलं की कॅनडात लिहायचं. ते फी घेऊन प्रती पाठवतात.

एक वर्ष मात्र असं आहे, जिथे दिवा बराच प्रखर आहे. १९१५. त्या वर्षाच्या उपलब्ध याद्या स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढल्या, आणि त्यांत साडेसात लाखांच्या आसपास नावं नावानिशी शोधता येतात. लस्करांचीही. सुरुवात तिथून करा असं मी सर्वांना सांगतो.

तिसरं उदाहरण मृतांच्या याद्यांचं. युद्धात बुडालेल्या आणि ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, अशा खलाशांचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक मुंबईत, मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यात दोन हजारांहून अधिक नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार नावांची पुस्तकं मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणी ठेवली आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर ही नावं घरबसल्या शोधता येतात. आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच पहिल्यांदा जातात.

पण इथेही योग्यतेची अट लावा. दोन बोटी घेऊ. दोन्ही पी. अँड ओ. कंपनीच्या, दोन्ही मुंबईकडे निघालेल्या, दोन्हींवर आपली माणसं. 'पर्शिया' ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तीनशेहून अधिक माणसं गेली. 'इजिप्त' ही बोट २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पर्शियावर बुडालेला खलाशी आयोगाच्या यादीत असायला हवा. इजिप्तवर बुडालेला तिथे असूच शकत नाही. कारण आयोग पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचेच मृत्यू धरतो, आणि व्यापारी खलाशाच्या बाबतीत मृत्यू युद्धामुळे झालेला असावा लागतो. इंजिनखोलीच्या उष्म्याने गेलेला, न्यूमोनियाने गेलेला, तोल जाऊन पडलेला, यांतला कुणी त्या यादीत नाही. त्यांच्यासाठी समुद्रावरच्या मृत्यूंची वेगळी नोंदवही आहे, १८९१ पासूनची, क्यूमध्ये. जाता जाता सांगतो, इजिप्तबरोबर बुडालेलं सोनं दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, इटालियन पाणबुड्यांनी समुद्रतळातून वर काढलं. किती लगडी होत्या, त्याचा हिशेब चोख होता.

आणि ज्या यादीत माणूस असायलाच हवा, तिथेही तो नसेल तर? २०२१ मध्ये या आयोगाच्याच समितीने कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या आशिया-आफ्रिकेतल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी स्मृती राखली गेली नाही. काहींची तर कुठल्याच स्वरूपात नाही. म्हणजे दिवा लावणाऱ्यानेच सांगितलं की खोलीचे काही कोपरे आम्ही उजळलेच नव्हते.

आता दुसरा प्रश्न. समजा नाव सापडलं. तो तुमचाच माणूस कशावरून?

आपल्या शास्त्रांत याचं ठरलेलं उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः'. तोच हा देवदत्त. पूर्वी दुसरीकडे पाहिलेला, आज इथे दिसणारा. या ओळख पटण्याला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात. बौद्धांनी यावर आक्षेप घेतला. ते म्हणाले, दिव्याची ज्योत बघा. संध्याकाळी पाहिली, मध्यरात्री पाहिली, तुम्ही म्हणता 'तीच ही ज्योत'. पण दर क्षणी नवं तेल जळतंय, ज्योत दर क्षणी नवी आहे. ती 'तीच' नाही, 'तशीच' आहे. सारखेपणाला तुम्ही एकपणा समजलात. देवदत्ताच्या बाबतीत बौद्धांचं म्हणणं मान्य करा वा करू नका, खलाशांच्या याद्या वाचताना मात्र त्यांना शेजारी बसवून घ्या.

कारण नाव म्हणजे दिव्याची ज्योत. समजा तुमच्या पणजोबांचं नाव इब्राहिम, वडिलांचं इस्माईल. एका सारंगाने एका खाडीतून वीस माणसं नेली, तर त्यांत दोन इब्राहिम इस्माईल असणं मुळीच अशक्य नाही. गोव्याच्या बाजूला डिसोझा आणि फर्नांडिस यांचं तेच. वर कारकून इंग्रज, ऐकेल तसं लिहिणारा. त्यामुळे एकाच माणसाचं नाव तीन बोटींवर तीन तऱ्हांनी, आणि तीन माणसांचं नाव एकाच तऱ्हेने.

हुद्द्यांचा घोटाळा तर खास आपल्याकडचा. बोटीवर 'भंडारी' म्हणजे स्वयंपाकी. कोकणात भंडारी ही जात आणि आडनावही. 'कसाब' म्हणजे बोटीवरच्या सामानाचा राखणदार, खाटीक नव्हे. 'तांडेल' हा सारंगाच्या हाताखालचा मुकादम. पण तांडेल आडनावाची घरं किनाऱ्यावर कितीतरी. सारंग आडनावाचीही आहेत. तेव्हा यादीत 'तांडेल' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो त्याचा हुद्दा की आडनाव, हे रकाना बघून ठरवा.

गावाचंही तसंच. जुन्या कागदात 'रत्नागिरी' लिहिलं असेल, तर आजचा रत्नागिरी जिल्हाच समजू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. मालवण-वेंगुर्ल्याचा माणूसही त्या काळी 'रत्नागिरी'चा. मुरूड-श्रीवर्धनचा माणूस 'जंजिऱ्या'चा, कारण तिथे संस्थान होतं. आणि 'बॉम्बे' लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा तिथे फक्त बोटीवर चढलेला असतो.

मग ओळख पटवायची कशी? न्यायशास्त्र म्हणतं, लक्षण 'व्यावर्तक' हवं, म्हणजे इतरांपासून वेगळं पाडणारं. नाव व्यावर्तक नाही. नाव, वय, गाव, हुद्दा, सारंग कोण, आधीची बोट कोणती, यांतल्या तीन-चार गोष्टी एकत्र जुळल्या तर ती जुळणी व्यावर्तक होते. आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हव्यात. तुमच्या चुलतभावाने जी माहिती त्याच संकेतस्थळावर वाचून सांगितली, तो दुसरा साक्षीदार होत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. गुहागरकडचे एक गृहस्थ आले. त्यांचे पणजोबा 'पहिल्या लढाईत बोटीबरोबर गेले', असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. आयोगाच्या यादीत त्यांना नाव सापडलं. स्वतःचं नाव जुळत होतं, वडिलांचं जुळत होतं. बोट मिळाली, बुडाल्याची तारीख मिळाली. घराण्यातले लोक जमणार होते, संगमरवरी पाटी बसवायची होती. ते माझ्याकडे फक्त पाटीवरचा मजकूर तपासायला आले होते.

मी हुद्दा विचारला. नोंदीत होता आगवाला, म्हणजे इंजिनखोलीत भट्टीवर काम करणारा. घरच्या आठवणीत पणजोबा सुकाणी होते, सुकाणू धरणारे, डेकचे. वय विचारलं. नोंदीत पंचवीस, तोवर पणजोबांचा थोरला मुलगा बारा वर्षांचा झालेला. मी म्हटलं, "अहो, हा दुसरा कुणीतरी आहे." त्यांचा चेहरा उतरला. साहजिक होतं. मग मी विचारलं, घरात काही कागद? बऱ्याच दिवसांनी ट्रंकेतून एक पत्र निघालं, मुंबईत कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात बोटीचं नाव होतं. नावावरून क्रमांक, क्रमांकावरून १९१५ ची यादी. तिथे ते होते. सुकाणी, वय चौतीस, गावाचं नाव मोडतोड होऊन पण ओळखण्यासारखं, आणि सारंग शेजारच्या गावचा, ज्याचं नाव या घरात आजही माहीत होतं. इथे मी म्हटलं, तोच हा.

पण त्या यादीत पुढे लिहिलं होतं, अमुक तारखेला मुंबईत सुखरूप उतरला. त्यानंतर एकही कागद आजवर मिळालेला नाही. ते कसे गेले, कुठे गेले, ठाऊक नाही. पाटीवर काय लिहायचं, यावर घरात बरीच वादावादी झाली. तरुण मंडळींना बोटीचं नाव आणि तारीख हवी होती. शेवटी घरातल्या वृद्ध आत्या म्हणाल्या, "जो आमचा नाय, त्याची तारीख आपण कशाला घ्यायची? त्याच्या घरी कोण वाट बघत असंल." पाटीवर आता नाव, गाव, 'सुकाणी' आणि 'दर्यावर गेले, परत आले नाहीत' एवढंच आहे. मला हे फार योग्य वाटतं. कारण ओळख चुकली तर नुकसान फक्त आपलं होत नाही. त्या पंचवीस वर्षांच्या आगवाल्यालाही नात्याची माणसं होती. ती उद्या शोधत आली, तर त्यांचा माणूस दुसऱ्याच घराच्या भिंतीवर लागलेला असायचा.

आता व्यवहाराचं. ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी घरापासून सुरुवात करावी. ट्रंक, माळा, जुने फोटो. खलाशाचं नोकरीचं पुस्तक, ज्याला जुनी माणसं 'नल्ली' म्हणत, ते मिळालं तर अर्धं काम झालं. त्यात बोटींची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा आणि वर्तनाचा शेरा असतो. मनीऑर्डरच्या पावत्या टाकू नका. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोला, पण नाव सुचवून विचारू नका, "बोटीचं नाव पर्शिया होतं का?" असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणारच. "बोटीवर काय काम करायचे? कुणाबरोबर गेले?" असं विचारा.

गोव्याच्या मंडळींना दोन साधनं जास्त आहेत. एक, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या. दुसरं, मुंबईतल्या धोबीतलाव-माझगाव भागातले गावोगावचे कूड, जिथे खलाशी बोट मिळेपर्यंत राहत. काही कुडांत सभासदांच्या जुन्या वह्या आहेत. मुंबई सरकारच्या सागरी खात्याची जुनी दफ्तरं काळा घोड्याजवळच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात बघता येतात. आणि आजोबा अलीकडच्या काळातले, १९६४ नंतरही बोटीवर असतील, तर खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या मुंबईतल्या कार्यालयात त्यांच्या खात्याची चौकशी करा.

शेवटी एक विनंती. शोधाची वही ठेवा, आणि तिच्यात तीन रकाने करा. पहिल्यात जे सापडलं ते. दुसऱ्यात जिथे शोधलं आणि मिळालं नाही ते, जागा, वर्ष आणि दफ्तर यांसकट. हा रकाना कुणी ठेवत नाही, आणि तुमच्या नातवाला तोच सर्वांत जास्त उपयोगी पडेल. कुठे दिवा लावून झालाय, हे त्याला कळेल. तिसऱ्यात घरातली आठवण, जशी सांगितली तशी, कुणी सांगितली त्याच्या नावासह. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. आठवण आणि नोंद जुळली नाही, तर लगेच एकीला खोटं ठरवायची घाई नको. दोन्ही राहू द्या. उद्या सेंट जॉन्सहून एखादी प्रत येईल आणि मग ठरवता येईल.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कुणाच्या घरात अशी नल्ली असेल, तर तिचे फोटो आज रात्रीच काढून ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात कागद फार टिकत नाही.